मावळ-मुळशीच्या खोऱ्यांतील जुन्या वाटा डोंगरी सायकलींना खुल्या कराव्यात का?

मुठेकाठी (धागा सुरू करताना)

पुण्याच्या पश्चिमेला पवना, मुळा, मुठा, मोसे आणि आंबी या नद्यांच्या खोऱ्यांत ज्या जुन्या वाटा आहेत, त्या डोंगरी सायकलींसाठी अधिकृतपणे आखून, जागोजागी खुणा करून खुल्या कराव्यात, असे माझे ठाम मत आहे. गेली नऊ वर्षे मी या भागात सायकल चालवतो. शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या डांबरी रस्त्यावर मोटारींची जी रांग लागते, तिच्या कडेने सायकल चालवणे आता जिवावर बेतणारे झाले आहे. शिवाय डांबरी रस्त्यावरून खोरे कळत नाही. ते कळते भाताच्या खाचरांमधून निघून, ओढा ओलांडून, ऐन-हिरड्याच्या सावलीतून हळूहळू पठारावर चढणाऱ्या वाटेवर.

नव्या वाटा खोदा, असे मी म्हणत नाही. महसूल खात्याच्या गाव नकाशावर एकेरी तुटक रेषेने पायमार्ग आणि दुहेरी तुटक रेषेने गाडीमार्ग दाखवलेला असतो. पायमार्ग सव्वाआठ फुटांचा, तर गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरला जातो. बैलगाड्या गेल्या आणि यांतले कितीतरी गाडीमार्ग घाणेरीने गिळले. तेच मोकळे करून सायकलींना द्यावेत, आणि जंगलात वनखात्याने वणव्यासाठी साफ केलेल्या जाळरेषा वापराव्यात, एवढीच माझी सूचना आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलींना मुभा दिली आणि अट घातली, की सायकलस्वाराने पादचाऱ्याला व घोडेस्वाराला आधी वाट द्यावी. ही व्यवस्था अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने त्याहीपुढे जाऊन, जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला बहुतेक सगळ्या मोकळ्या रानात प्रवेशाचा हक्क दिला. आपल्याकडे मात्र या वाटांवरच्या सायकलस्वाराला ना हक्क आहे, ना बंधन.

रानजाई

आपली तळमळ मला समजते, तरीही माझा या प्रस्तावाला विरोध आहे. ब्रिटनचा दाखला येथे लागू पडत नाही. तेथे वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो. ताम्हिणीच्या माथ्यावर मात्र चार महिन्यांत पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि खालचा मुरूम एकदा उघडा पडला, की तो धरून ठेवायला काहीही उरत नाही.

मी स्वतः पाहिलेली एक जागा सांगते. मुठा खोऱ्यातल्या एका सोंडेवर गवतातून जाणारी, जेमतेम एक पाऊल मावेल अशी गुरांची वाट होती. जुलैमध्ये एका रविवारी तीसेक सायकलस्वारांचा गट तेथून उतरला. उतार तीव्र असल्याने बहुतेकांनी मागचे चाक ब्रेकने जाम करून सायकल घसरवत खाली नेली. संध्याकाळी त्या वाटेवर चार बोटे खोल चर पडला होता आणि त्यात पाणी वाहत होते. दिवाळीनंतर गेले, तेव्हा तोच चर गुडघ्याएवढा झाला होता आणि तो टाळण्यासाठी गुरांनी व माणसांनी दोन्ही बाजूंच्या गवतातून नव्या वाटा पाडल्या होत्या. एका वाटेच्या तीन वाटा झाल्या.

शिवाय याच भागात २०१३ मध्ये जाहीर झालेले ताम्हिणी अभयारण्य आहे, शेकरूचा अधिवास आहे, गावोगावच्या देवराया आहेत. पायी चालणाऱ्याची चाहूल प्राण्याला दुरून लागते. सायकल वेगाने आणि आवाज न करता येते, त्यामुळे वळणावर दोघेही एकदम समोरासमोर येतात. जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटवीला किंवा चंडोलाला तर पळायलाही वेळ मिळत नाही.

बांधावरून

मी याच खोऱ्यांपैकी एका गावचा आहे. चर्चा वाचून वाटले, की वाटेचा मालक कोण हे अजून कोणी विचारलेलेच नाही. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतो, तो शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाता यावे म्हणून. तो रस्ता शहरातल्या माणसाच्या व्यायामासाठी नाही. आम्ही एकमेकांना बांधावरून जाऊ देतो, ते शेजारधर्म म्हणून आणि एकमेकांची अडचण ओळखून. उद्या तिथे बाणाची पाटी लागली, की तो शेजारधर्म राहणार नाही, ती वहिवाट होईल, आणि सायकलीमागून मोटारसायकली, त्यांच्यामागून जीपगाड्या येतील. मग कडेच्या जमिनीला गिऱ्हाईक येते. आमच्याकडे हे असेच घडत आलेले आहे.

मुळशीच्या माणसाला बाहेरून आलेल्या योजनेची धास्ती का वाटते, हे समजायचे असेल तर १९२१ चा सत्याग्रह आठवावा. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी धरणाविरुद्ध उभे राहिले आणि तरीही खोऱ्यातली चांगली भातजमीन पाण्याखाली गेली. आजोबा-पणजोबांची ती गोष्ट आमच्या घरांत अजून सांगितली जाते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या खाचराच्या बांधावरून सात-आठ सायकली गेल्या. बांध चिखलाचा, नुकताच लिंपलेला. एका जागी तो खचला आणि रात्रीतून वरच्या खाचरातले पाणी खाली उतरले, लावणीला चार दिवस झालेली रोपे उपटून निघाली. मुलांनी जाताना हात हलवला होता, त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. आपण कशावरून चाललो आहोत, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

मुठेकाठी

बांधाची हकीकत वाचून मनापासून वाईट वाटले. बांध हा मार्ग नव्हे, हे पाटीवर पहिल्या ओळीत लिहिले पाहिजे. पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून भातकापणी आटोपेपर्यंत, वाटा पूर्ण बंद ठेवाव्यात, ही अट मी माझ्या प्रस्तावात आता घालतो.

मात्र सायकलीनेच जमीन झिजते हे मला मान्य नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यात जंगलवाटांवर घोडे, पादचारी, मोटारसायकली आणि डोंगरी सायकली यांची तुलना करणारा एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. भिजवलेल्या वाटेवर चाकांपेक्षा खुरांनी आणि पावलांनी जास्त माती सुटी केली, असे त्यात आढळले. गडांवर सुटीच्या दिवशी जी गर्दी होते, तिने पाडलेल्या घळी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यासाठी गिर्यारोहण बंद करा, असे कोणी म्हणत नाही.

चढउतार

मी वाटा बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या काही गोष्टी दुरुस्त कराव्याशा वाटतात.

वाट खाते ते मुख्यतः पाणी. चाक किंवा पाऊल माती फक्त सुटी करते, वाहून नेतो तो ओघ. म्हणून आमच्या कामात एक साधा नियम पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये, आणि सरासरीने तो दहा टक्क्यांच्या आसपास राहावा. वाट उताराला आडवी, समपातळीच्या जवळपास राहून वळसे घेत गेली आणि तिची बाहेरची कड किंचित खाली झुकलेली असली, तर पाणी तिला ओलांडून जाते. तीच वाट सरळ उताराच्या दिशेने नेली, तर पहिल्याच पावसात तिचा ओढा होतो. रानजाई यांनी सांगितलेली सोंडेवरची वाट याच कारणाने गेली. सायकली नसत्या तरी ती गेली असती, पण दहा वर्षांनी, एका पावसाळ्यात नाही. हा फरक लहान नाही.

या कारणासाठी मुठेकाठी यांची जाळरेषांची सूचना मला सर्वथा चुकीची वाटते. जाळरेषा बहुतेक वेळा डोंगराच्या धारेवरून नाहीतर सरळ उतारावरून काढलेली असते, कारण तिचे काम आग अडवणे आहे. तेथे सायकली सोडणे म्हणजे डोंगराला आपण होऊन चीर देणे. याउलट जुने गाडीमार्ग पाहा. भरलेली गाडी बैलांना ओढता यावी म्हणून ते मुळातच मंद चढाने, वळणे घेत नेलेले आहेत, आणि कित्येक ठिकाणी उताराच्या बाजूला दगडी थर अजून शाबूत आहे. घाणेरी काढली, थर पुन्हा लावला आणि दर पंधरा-वीस पावलांवर पाणी बाहेर काढणारा उथळ खोलगा दिला, तर तो मार्ग माणसे, गुरे आणि सायकली या तिघांनाही पुरेल.

रानजाई

जाळरेषांबाबत आपण स्पष्ट लिहिलेत, त्याबद्दल आभार. मोंटानाच्या प्रयोगाविषयी मात्र एक गोष्ट नोंदवते. तो आधीपासून असलेल्या वाटेवर, मोजक्या शंभर फेऱ्यांनंतर केलेला होता. वाट रुंद किती होते, माणसे नव्या बाजूवाटा किती पाडतात, प्राणी कोठून हटतात, हे त्याने मोजलेले नाही, आणि माझी चिंता नेमकी तीच आहे. खोऱ्याच्या तळातल्या, गावालगतच्या गाडीमार्गांना माझा विरोध आता तितका तीव्र नाही. पण अभयारण्यात आणि देवराईत सायकल नको, तेथे माझे मत तसूभरही बदललेले नाही. देवराईत आमच्याकडची माणसे वाळलेली काटकी उचलत नाहीत, चपला बाहेर काढतात. तेथून चाके नेण्याची परवानगी मागणेच मला योग्य वाटत नाही.

मुठेकाठी

देवराई आणि अभयारण्य मी प्रस्तावातून वगळतो, जाळरेषाही वगळतो. आता उरतो तो गाडीमार्गांचा प्रश्न. नोव्हेंबरमध्ये तहसील कार्यालयातून एका गावाचा नकाशा मिळवून, त्यावरचा एकच गाडीमार्ग प्रत्यक्षात कोठे आणि कसा उरला आहे हे पाहावे, असा विचार आहे. ‘बांधावरून’ यांनी आपल्या गावात येऊ दिले, तर सुरुवात तेथून करावी, अशी विनंती करतो.

बांधावरून

या. भात झोडून झाल्यावर या, त्याआधी वाट दाखवायला गावात कोणाला सवड नसते. मार्ग द्यायचा की नाही, हे ग्रामसभा ठरवील, मी एकटा नाही, आणि नाही म्हटले तर ते शेवटचे समजावे. हो म्हटले, तर घाणेरी काढण्याची आणि दगड लावण्याची मजुरी गावातल्या माणसांना मिळाली पाहिजे आणि वाट कधी बंद ठेवायची हे गाव सांगेल. नकाशा जरूर आणा, कारण खालच्या आळीतल्या दोन घरांत त्या मार्गावरून आधीच वाद आहे आणि तो तुमच्या येण्याने वाढू नये. सायकली त्या दिवशी आणू नका, आपण सगळे पायी जाऊ.