प्लग रात्री आपोआप लागतो म्हणून काढून टाकायचा?

रामबागकर
काल एका ताईंनी इथे लिहिलं की त्यांचा स्मार्ट प्लग (मोबाइलच्या अ‍ॅपवरून चालू-बंद होणारा) रोज मध्यरात्री आपोआप लागतो, हॉलमधला दिवा पेटतो आणि सासूबाई दचकून उठतात. त्यांनी प्लग काढून माळ्यावर टाकला आणि वर सल्ला दिला, ‘असलं काही घरात आणू नका.’ खाली सगळ्यांनी ‘बरोबर केलंत’ म्हटलं. एकानेही ‘का लागतो?’ असं विचारलं नाही. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

प्लग लागतो तेव्हा एक तर त्याला कुणीतरी तसं सांगून ठेवलेलं असतं, नाहीतर लाइट जाऊन आलेली असते, नाहीतर आतला रिले, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, बिघडलेला असतो.

आमचाच अनुभव सांगतो. मागच्या पावसाळ्यात गीझरचा प्लग आठवड्यातून दोन-तीनदा रात्री लागलेला सापडायचा. अ‍ॅपच्या हिस्टरीत कुणी लावल्याची नोंद नाही. बायको म्हणे, तुम्हीच बंद करायला विसरता. एकदा इंदूरच्या सराफ्यातून, रात्रीच्या खाऊगल्लीतून, परत यायला एक वाजला. गल्लीत अंधार, आमच्या घरात मात्र पंखा फिरतोय. बूट काढतोय तोवर लाइट आली आणि बाथरूममधून ‘टक्’ असा आवाज झाला. जाऊन बघतो तर गीझरचा लाल दिवा लागलेला! पंखे इन्व्हर्टरवर, राउटर इन्व्हर्टरवर, त्यामुळे झोपेत लाइट गेल्याचं कुणाला कळतच नव्हतं. गीझरचा पॉइंट तेवढा डायरेक्ट लाइनवर. प्लगच्या सेटिंगमध्ये ‘वीज परत आल्यावर’ या ओळीपुढे ‘चालू’ होतं. ते ‘बंद’ केलं. त्यानंतर एकदाही लागला नाही.

सुदामानगरची सून
ती ताई मीच. दादा, सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. रात्री हॉलमध्ये एकदम उजेड पडला की चोर शिरला म्हणून त्यांची छाती धडधडते. त्यांना रिले समजावत बसू का? आणि तुमचं ते सेटिंग मी आधीच पाहिलंय, ‘बंद’वरच आहे. लाइटही गेलेली नसते, समोरच्यांचा जिन्यातला दिवा चालू असतो. बरोबर साडेबाराला लागतो, एक मिनिट इकडे नाही की तिकडे. एक रात्र राउटर बंद ठेवून पाहिला, तरी लागला. आता बोला.

वायरिंगवाले काका
एकतीस वर्षं इंदुरात वायरिंग करतोय, म्हणून बोलतो. रामबागकर, तुम्ही गीझर या प्लगवर चालवता हेच आधी चुकलं. दोन हजार वॅटचा गीझर म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. लोक दहा अँपिअरचा प्लग आणतात आणि म्हणतात, चालतोय की. चालतो, काही महिने. मग पिन काळी पडते, प्लॅस्टिक पिवळं पडतं, आणि एक दिवस रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटतात. मग अ‍ॅप ‘बंद’ दाखवत राहतं आणि आत करंट चालूच. मागच्या महिन्यात असाच एक उघडला. पॉइंटवर तांब्याचा थेंब वितळून गोठावा तसा डाग होता. ते घरवालेही ‘आपोआप लागतो’च म्हणत होते. तो लागत नव्हता, बंदच होत नव्हता.

दुसरं, जुन्या घरांत सॉकेटला फेज-न्यूट्रल (करंटची आणि परतीची तार) उलटे जोडलेले असतात. अर्थिंगचं भोक वर धरलं तर टेस्टर उजव्या भोकात पेटला पाहिजे. डाव्यात पेटला तर प्लग न्यूट्रल तोडतो, फेज तसाच पुढे जातो. मग एलईडी बंद करूनही मिणमिणत राहतो आणि लोक म्हणतात, आपोआप लागला.

रामबागकर
माझा प्लग सोळा अँपिअरचा आहे, काका. पण पॉइंट चिकटू शकतात हे मान्य. पिन काळी पडलीय का, उद्या बघतो.

नळाची वाट
गीझरचं सोडा, मोटारीचं बोला. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, त्यातही कधी पहाटे चारला, कधी सहाला. शेजाऱ्यांनी हौदावरच्या मोटारीला असला प्लग लावून टायमर दिला. पाणी आलं नाही, हौद कोरडा, मोटार तासभर कोरडी फिरत राहिली. वाइंडिंग जळल्याचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. पाण्याची वेळ जिथे पक्की नाही तिथे टायमर कशाच्या जिवावर लावता? आधी पाणी रोज द्या म्हणावं, मग घरं स्मार्ट करा.

वायरिंगवाले काका
मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचते. मोटारीला स्टार्टरच पाहिजे आणि हौदात फ्लोट स्विच, म्हणजे पाणी संपलं की मोटार बंद करणारा. प्लगचं ते काम नाही.

हिंजवडीत राहणारा
काका घाबरवतायत. गीझरला थर्मोस्टॅट असतो, रात्रभर चालू राहिला म्हणून स्फोट होत नाही. बिलाचं म्हणाल तर पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं, अठरा-वीस मिनिटांचं काम. मग थर्मोस्टॅट तोडतो. आई-बाबा लोकमान्य नगरला राहतात, त्यांचा गीझर मी रोज पहाटे साडेपाचला पुण्याहून लावतो. बाबांना संधिवात आहे. थंडीत अंधारात उठून बटण शोधायला नको.

लोकमान्यनगरच्या काकू
बाळा, तुझ्या आईला विचारलंस का? माझा मुलगाही असंच करायचा, हैदराबादहून. एकदा मी बाथरूमची फरशी घासत होते, पाणी पार गीझरपर्यंत उडालेलं आणि डोक्यावर टक् झालं, दिवा लागला. घरातली वायर चालू आहे की बंद, हे त्या घरात राहणाऱ्याला माहीत नको? आम्ही म्हातारे झालो, पण घर अजून आमचंच आहे.

हिंजवडीत राहणारा
काकू, मी काळजीपोटी करतो. इतक्या लांबून दुसरं काय करू शकतो?

वायरिंगवाले काका
फोन करू शकतोस. ‘बाबा, गीझर लावू का?’ एवढंच विचारायचं. आणि थर्मोस्टॅटवर भिस्त ठेवू नकोस, थर्मोस्टॅट चिकटलेले गीझर मी उघडलेत. बाथरूमच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, आहे का तुमच्याकडे? तो नसताना लांबून गीझर लावणं म्हणजे आई-बापाच्या जिवाशी खेळ आहे.

हिंजवडीत राहणारा
जिवाशी खेळ? तोंड सांभाळून बोला काका. मी दर दोन महिन्यांनी रात्रभर बस काढून येतो. तुम्हाला आमच्या घरातलं काय ठाऊक?

हॉलचा दिवा
मध्ये पडते. आमच्याकडे संध्याकाळी साडेसात-आठला हॉलचा दिवा आपोआप लागायचा. यांनी प्लग बदलला, तरी तेच. शेवटी कळलं की मुलाने आमचा प्लग आणि त्याच्या पुण्याच्या घरातला प्लग एकाच अकाउंटमध्ये टाकलाय आणि दोन्हींना नाव एकच, ‘हॉल’. तो ऑफिसहून आला की स्पीकरला सांगतो, ‘हॉलचा दिवा लाव’. तिकडे त्याचा लागतो, इकडे आमचा. नाव बदलतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. दिवा लागला की कळतं, पोरगं घरी पोचलं. यांना पटत नाही, वीज फुकट जाते म्हणतात. पण तो दिवा आहे, गीझर नाही.

लोकमान्यनगरच्या काकू
हे मला पटलं. दिवा चालेल.

रामबागकर
धागा कुठच्या कुठे गेला. ताईंचा साडेबाराचा प्रश्न तसाच आहे.

राजेंद्र नगर
मी सांगतो. सुदामानगरच्या वहिनी, तुम्ही संध्याकाळी सातचं शेड्यूल लावलं होतं का, देवाजवळ दिवा लावायच्या वेळी हॉलमध्ये उजेड व्हावा म्हणून? अ‍ॅपमध्ये टाइमझोन भारताचा निवडलेला नसेल तर प्लग ग्रीनिचचे सात धरतो. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. आणि बऱ्याच प्लगमध्ये शेड्यूल प्लगच्याच आत साठवलेलं असतं. राउटर बंद केला तरी प्लगला वेळ माहीत असते, म्हणून त्या रात्रीही लागला. माझ्याकडे हेच झालं होतं.

सुदामानगरची सून
सातचंच होतं. दिवाळीत लावलेलं. संध्याकाळी लागत नाही म्हणून ते चाललंच नाही असं समजून मी दुसरा साधा दिवा आणला, आणि हे विसरूनच गेले.

रामबागकर
मी म्हटलंच होतं, कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं.

सुदामानगरची सून
तुम्ही लाइट जाऊन येते म्हटलं होतं, दादा. घड्याळाचं यांनी सांगितलं. प्लग माळ्यावरून काढते. शेड्यूल पुसून आधी आमच्या खोलीत चार रात्री लावून बघेन. सासूबाईंच्या हॉलमध्ये लगेच नाही.

राजेंद्र नगर
नुसतं शेड्यूल पुसू नका, टाइमझोनही बदला. मग प्लगवरचं बटण दिवा भरभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा, रीसेट होईल. अ‍ॅपला न जोडता दोन रात्री तसाच ठेवा. लाइट न जाताही लागला तर बिघाड आतला. मग खरंच टाकून द्या.

वायरिंगवाले काका
दिव्यापुरता ठेवा, माझी हरकत नाही. हिंजवडीवाल्या, रागावू नकोस. लोकमान्य नगरला कुठे ते कळव, रविवारी येऊन आरसीसीबी आहे का बघून जातो. पैसे नकोत.

हिंजवडीत राहणारा
बाबांना विचारून कळवतो.