‘आपलं घर’ ग्रुप : ओमने तबला बुडवला

वैशूताई (नॅशव्हिल): ओमने आज सलग तिसऱ्यांदा तबल्याचा क्लास बुडवला. गुरुजी तिकडे पुण्यात रात्री साडेसातला लॅपटॉप लावून बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुमाआत्या: 🙏 नानांच्या पंचाहत्तरीचे प्रत्येकी २,००० अजून सहा जणांचे यायचेत.

बंडूदादा (न्यू जर्सी): कारण काय म्हणे?

वैशूताई: त्याच्या शाळेत चार आजोबा आले होते, रेघारेघांचे कोट घालून. बार्बरशॉप गातात. वाद्य नाही, काही नाही. तासाभरात पोरांना चार ओळी शिकवल्या. आता दर शनिवारी सकाळी तालीम, तीही फुकट.

नानाकाका: न्हाव्याच्या दुकानात गाणं? आमचा न्हावी नुसत्या गप्पांत कान कापायचा. तबला सोडू नये.

मिलिंद: नाना, तुमचा तर आता तोही खर्च वाचला 😂

नानाकाका: मिल्या, आपण कोणाशी बोलतोय ते बघावं.

बंडूदादा: नाना, थट्टा नाही. इकडच्या काळ्या वस्त्यांत न्हाव्याचं दुकान म्हणजे गावचा पार. नंबर लागेपर्यंत चौघं बसून सूर जुळवायचे. पुढे १९३८ला ओक्लाहोमातल्या तुल्सात गोऱ्यांनी त्याची संस्था काढली आणि काळ्या गायकांनाच आत घेतलं नाही, थेट १९६३पर्यंत! बायकांना पूर्ण सभासदत्व तर २०१८ला. त्या संस्थेचं मुख्यालय वैशूच्याच गावात आहे.

मंदाकाकू: म्हणजे सगळीकडे तेच. या घरात सुनेने पेटी उघडली तर काय काय ऐकलंय, ते माझं मला माहीत.

सुमाआत्या: वहिनी, आज नको.

मंदाकाकू: मी कुठे काय म्हणाले 🙏

नानाकाका: तबला सोडू नये, एवढंच माझं म्हणणं.

वैशूताई: अहो मलाही तेच वाटतं. पण खरं सांगू का, आवाज फुटल्यापासून हा शाळेच्या कॉयरमध्ये नुसतं तोंड हलवायचा. त्या आजोबांनी विचारलं, सगळ्यात खालचा सूर कोणाला लागतो? सगळे हसले आणि याने लावला. तेव्हापासून बाथरूममध्ये एकच ‘बूम’ चालू आहे. बेस म्हणे.

प्रिया: मस्तच गं! त्यात मुख्य चाल ‘लीड’कडे असते, टेनर त्याच्या वरून गातो, बेस म्हणजे जोतं. उरलेले अडनिडे स्वर बॅरिटोनच्या गळ्यात. घरातल्या मधल्या सुनेसारखं 😄

मंदाकाकू: 👍

मिलिंद: ऐकव तरी, की नुसतं वर्णन?

वैशूताई: 🎤 ०:५२. चौघं शाळेच्या जिन्यात उभी आहेत. गाण्याचा नुसता शेवटचा तुकडा आहे, त्याला ‘टॅग’ म्हणतात.

सुमाआत्या: सहा जण. नावं लिहायला लावू नका.

नानाकाका: ०:४१ला वर बारीक आवाजात कोण गातंय? चौघं म्हणालीस ना?

प्रिया: कोणीच नाही नाना! चौघांचे सूर तंतोतंत जुळले की तो आपोआप वाजतो. उपस्वर. त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

नानाकाका: अगं, मग आपला स्वयंभू गंधार तरी वेगळा काय! तंबोरा चोख लागला की खर्जाच्या तारेतून तो असाच येतो. आईचा तंबोरा मी लावायचो तेव्हा माजघरात ऐकू यायचा.

मंदाकाकू: तो तंबोरा आहे कुठे सध्या?

मिलिंद: 👀

बंडूदादा: हा विषय इथे नको.

मंदाकाकू: मी नुसतं विचारलं. वाटण्यांच्या वेळी ‘जपून ठेवतो’ म्हणाला होतात.

नानाकाका: माळ्यावर आहे. भोपळ्याला तडा गेलाय.

सुमाआत्या: नाना, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

नानाकाका: वैशू, ओमला सांग, तो शेवटचा सूर जरा लांबवून परत पाठव. माझा मोबाइल नीट ऐकवत नाही. आणि तबला सोडू नये.

सुमाआत्या: मिलिंदचे आले. पाच राहिले.