तात्या टोपेंचा अंगरखा, तोही पॅटर्नशिवाय

पंचवटीची_आई: पंधरा ऑगस्टला मुलगा (वय 7) तात्या टोपे होणार. 1814 साली येवल्यात जन्मलेले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, म्हणून बाईंचा आग्रह. भाड्याचे ड्रेस नुसते चमचमतात. मला सरळ शिवण येते, पण कागदी पॅटर्न नाही. काय करू?

जुनी_मशीन: पॅटर्न कपाटातच आहे! त्याचा अंगाला नीट बसणारा सुती कुडता घ्या, उभा दुमडून वर्तमानपत्रावर ठेवा आणि कडेने पेन्सिल फिरवा. शिलाईसाठी चहूबाजूंनी पाऊण इंच सोडा. पुढचा एक पल्ला मात्र चार इंच जास्त रुंद कापा, तो दुसऱ्यावर आडवा येऊन नाडीने बांधला जातो. बगलेत तीन इंचांचा चौकोनी तुकडा लावा, नाहीतर तलवार उगारताना उसवलंच म्हणून समजा. घेरासाठी कमरेखाली दोन्ही बाजूंना तिकोनी कळ्या जोडा. कापड मांजरपाटच घ्या, सॅटिन नको. 1857 च्या धामधुमीत कसलं आलंय सॅटिन! आणि कापायच्या आधी धुऊन वाळवा, आटतं ते.

सिडकोकर: सुरवार शिवत बसू नका. पांढरी लेगिंग चालते, लांबून कोण बघतंय?

जुनी_मशीन: मी बघते.

पंचवटीची_आई: मांजरपाट भिजत घातलाय. नाडीऐवजी वेल्क्रो चालेल का?

जुनी_मशीन: आत वेल्क्रो, वर खोटी गाठ. स्टेजवर जायच्या वेळीच पोरांना शू लागते.