रोस्त (नॉर्वे): आर्क्टिक वृत्ताच्या वर असूनही तिथे कॉड मासा न गोठता वाळतो कसा?

दर्यावाट: लोफोटेन द्वीपमालेच्या नैऋत्य टोकाला, ६७.५ उत्तर अक्षांशावर रोस्त नगरपालिका आहे. इतक्या उत्तरेला उघड्यावर टांगलेला मासा गोठत कसा नाही? शेजारी उंच बेटं असताना वस्ती मात्र सपाट रोस्तलांद बेटावरच का? आणि १४३२च्या क्वेरिनीचं काय प्रकरण आहे?

खारा वारा: अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे तिथे भर हिवाळ्यातही सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहतं. वाळवणीला नेमकं हेच लागतं. जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला लोफोटेनकडे येतो. डोकं आणि आतडी काढायची, सारख्या आकाराचे दोन मासे शेपटीला सुतळीने बांधायचे आणि जोडी लाकडी मांडवावर टाकायची. मीठ अजिबात नाही. आपल्याकडे वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात, तशीच ही जोडी. साधारण ५ किलो ताज्या माशाचा १ किलो सुका होतो. मे-जूनमध्ये उतरवून पुढचे दोन-तीन महिने हवेशीर कोठारात मुरवतात.

बिघडतं ते दोन टोकांना. कडक गोठण पडली की बर्फाचे स्फटिक मांस फाडतात आणि मासा स्पंजासारखा भुसभुशीत होतो. ऊब लवकर आली की माश्या बसतात, अळ्या पडतात. डोकी वेगळी वाळवतात, ती मुख्यतः नायजेरियाला जातात.

कडेकपारी: रोस्तलांदचा सर्वांत उंच भाग जेमतेम १२ मीटर. शेजारच्या वेदोया, स्तुरफ्येलेत या उंच बेटांचे कडे थेट समुद्रात उतरतात. तिथे घरं, धक्का, मांडव उभे करायला जागाच नाही. ते राज्य पफिनसारख्या समुद्रपक्ष्यांचं. हेरिंग माशाची पिल्लं कमी आली की पफिनची पिल्लं उपाशी मरतात, आणि गेल्या काही दशकांत तिथल्या पफिनांची संख्या फार घटली आहे.

जुनी बखर: पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी. एप्रिल १४३१मध्ये क्रीट बेटावरून फ्लँडर्सकडे (आजच्या बेल्जियमच्या बाजूला) निघाला, वादळात जहाजाचं सुकाणू गेलं. ६८ जण दोन होड्यांत उतरले, धाकटी होडी बुडाली. जानेवारी १४३२मध्ये मोठी होडी रोस्तजवळच्या निर्जन सांदोयाला लागली, शेवटी ११ जण वाचले. रोस्तच्या कोळ्यांनी त्यांना घरी नेलं, मेपर्यंत सांभाळलं. वाऱ्या-उन्हात वाळवलेल्या बिनमिठाच्या माशाचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय. मात्र या माशाचा परदेशी व्यापार त्याच्यापासून सुरू झाला असं मानू नका: नॉर्वेतल्या बर्गन बंदरातले हान्सा (जर्मन व्यापारी संघाचे) व्यापारी त्याच्या कितीतरी आधीपासून तो युरोपभर पाठवत होते.