स्वतःहून गेलेल्या पोराचं 'अपहरण' कसं काय झालं?

राजारामपुरीकर
आमच्या गल्लीतलं दहावीचं पोरगं घरात भांडून दोस्ताकडं निघून गेलं, दुसऱ्या दिवशी आलं पण परत, तरी पेपरात छापून आलं 'अल्पवयीन मुलाचे अपहरण, अज्ञातावर गुन्हा'. आता जो तो आईला विचारतोय कुणी उचललं, किती पैसे मागितले. बिचारी लै रडतीया. आपणहून गेला तर अपहरण म्हणायचं का? आणि पळवून नेणं, उचलणं, अपहरण सगळं एकच का?

कोर्टाजवळचा
अठराच्या आतलं पोर बेपत्ता झालं की पोलिस अपहरणाचाच गुन्हा घालतात, सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये तसं सांगितलंय. म्हणून तर लगेच शोध सुरू होतो. कुणीतरी नेलंच असं त्यातनं ठरत नाही. कायद्याच्या मराठीत दोन शब्द हायत. पोराला पालकाच्या ताब्यातनं त्यांना न विचारता नेलं तर 'अपनयन', तिथं पोराची राजीखुशी धरतच नाहीत. आणि वय काही का असेना, जबरदस्तीनं नाहीतर फसवून हलवलं तर 'अपहरण'. पेपरात दोन्हीला अपहरणच. आधी मुलग्याला 16 आणि मुलीला 18 ची अट होती, 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, दोघांना 18. खंडणीचं कलम वेगळं, 140, त्यात फाशी नाहीतर जन्मठेप.

शिवाजीपेठ_मावशी
बोलण्यात मात्र लई फरक पडतो बघा. 'पळवून नेली' म्हटलं की लोक लग्नाचंच धरतात, आणि पुष्कळदा पोरगी राजी असते. रुक्मिणीनं तर स्वतः कृष्णाला निरोप धाडलावता, तरी आपण रुक्मिणीहरणच म्हणतो, आणि रावणानं केलं तेही सीताहरणच. 'उचललं' तर पोलिसांनी संशयिताला नेलं तरी म्हणतात. पण 'पोरं पळवणारी' हे उगं कुणी तोंडातनं काढू नये, 1996 ला आपल्याच कोल्हापुरात पोरं पळवून मारल्याचं ते बालहत्याकांड उघड झालंवतं, तवापासनं आयांच्या पोटात धस्स होतंय. आणि 2018 ला धुळ्याकडं राईनपाड्यात निव्वळ अफवेवरनं पाच माणसं ठेचून मारली.

राजारामपुरीकर
दादा, तुमचं उत्तर गल्लीच्या ग्रुपवर टाकू का? पोराचं नाव कुठंच येऊ देणार नाही.

कोर्टाजवळचा
टाका की. आणि पोरगं परत आल्याचा जबाब पोलिसात झालाय का तेवढं बघा, नसंल तर आईबापानं त्याला घेऊन उद्याच जावं.