सुकून आणि इत्मिनान : दोन्हींना 'मनःशांती'च का?

छापखाना : सोलापुरात विजापूर वेशीजवळ आमचं डीटीपीचं दुकान आहे. रमजानात वाटायचं एक चार पानी पत्रक उर्दूतून मराठीत करायला आलंय. त्यातलं एक वाक्य : 'अल्लाह के ज़िक्र से दिल को सुकून और इत्मिनान मिलता है.' दोन्हींना मनःशांती लिहिलं तर एक शब्द वाया जातो. दुसऱ्याला समाधान म्हणावं, तर ते पोटभर जेवल्यावरही होतं. मजकूर आणणारे चाचा म्हणाले, 'बेटा, जल्दी नक्को, पर सही लिख.' सुचवा.

कोशकिडा : सुकून म्हणजे मुळात हालचाल थांबणं. अरबी लिपीत अक्षरावर स्वर नसल्याची जी खूण असते, तिचं नावही सुकूनच. जुन्या दस्तांत 'साकीन मौजे अमुक' असं येतं, तो साकीन याच धातूचा : एके जागी राहणारा. म्हणून इथे 'विसावा' चालेल. इत्मिनानचा धातू वेगळा आहे. त्यात खात्री येते, मनात खटका उरलेला नसतो. मी 'निर्धास्त' घेईन.

पाऊलवाट : मनःशांती सगळ्यांना कळतं की. उगाच कीस कशाला?

नईजिंदगीकर : कळतं, पण डोळे मिटून एकटा बसलेला माणूस समोर येतो. आमच्या घरात इत्मिनान चालताबोलता लागतो. 'इत्मिनान से खा, कोन पीछे लगा है?' असं अम्मी रोज म्हणते. नमाजीतही हाच धातू आहे. रुकूतून, म्हणजे कमरेत वाकलेल्या स्थितीतून, उठल्यावर पाठ पुरती सरळ होऊ द्यायची, सांधे जागच्या जागी आले की मगच सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकायला, जायचं. या थांबण्याला तुमअनीनत म्हणतात. लहानपणी आम्ही भरभर उरकायचो तेव्हा दादी ओरडायची, 'कोंबडीसारख्या चोची मारू नका!' (हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींतही, तशी मनाई आहे, हे पुढे मदरशात कळलं.) म्हणजे आधी गुडघे-कंबर स्थिर होतात, मग मन.

तुमचं वाक्य कुरआनातल्या सूरह रअदच्या (सूरह म्हणजे अध्याय) २८व्या आयतीवरून आलंय. तिथे दिलासाठी इत्मिनानचंच क्रियापद आहे, सुकून नाही. पण मला जास्त आवडते ती सूरह बकराची २६०वी आयत. इब्राहिम अलैहिस्सलाम (कुरआनातले एक पैगंबर) अल्लाहला विचारतात, तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते मला दाखव. अल्लाह विचारतो, तुझा विश्वास नाही का? ते म्हणतात, आहे तर, पण माझ्या दिलाला इत्मिनान व्हावा म्हणून. ईमान असूनही जे मागावं लागतं ते हे. मनात प्रश्न आला म्हणजे ईमान कच्चा, असं धरून रात्र-रात्र जागणाऱ्यांना ही आयत ऐकवायला हवी.

कोशकिडा : हे मला ठाऊक नव्हतं. मग तर निर्धास्तच पक्कं.

छापखाना : पुढच्या परिच्छेदात सब्र आणि तवक्कुल आहेत. 'सहनशीलता' आणि 'दैवावर हवाला' असं चालेल?

नईजिंदगीकर : दैवावर हवाला नको, प्लीज. तवक्कुल आणि वकील एकाच धातूचे. वकीलपत्र दिलं तरी तारखेला कोर्टात जावंच लागतं ना? उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असं एकाने विचारलं, तेव्हा मुहम्मद पैगंबरांनी सांगितलं : आधी बांध, मग भरवसा ठेव. तिर्मिजीच्या हदीससंग्रहात आहे. 'भरवसा' हाच शब्द ठेवा, साधा आहे.

सब्रचा अर्थ आवरून धरणं. आपल्याकडे मयतीला आलेली माणसं 'सब्र करो, रोना नहीं' म्हणतात, ते मला पटत नाही. 'सब्र-ए-जमील' (सुंदर सब्र) म्हणणारे याकूब अलैहिस्सलाम हरवलेल्या मुलासाठी, युसुफसाठी, इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे पडले, हे कुरआनातच आहे. स्वतःचा तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा पैगंबरांच्याही डोळ्यांत पाणी होतं. आवरायचं ते तोंडातून जाणाऱ्या वावग्या शब्दाला.

यंत्रमाग : सबुरी लिहा की. शिर्डीमुळे अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे.

कोशकिडा : +१. आणि जिक्रला?

पाऊलवाट : नामस्मरण.

नईजिंदगीकर : अर्थाने जवळचं आहे, पण कानाला टाळ ऐकू येतात. अम्मी नमाजीनंतर बोटांच्या पेरांवर मोजते : ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. शेवटच्या पेरापर्यंत येता येता तिचे खांदे खाली येतात. त्याला मी जिक्रच म्हणेन. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली पहिल्यांदा भरलं ते आपल्या सोलापुरात, आता तरी एवढा शब्द मराठीत राहू द्या.

छापखाना : चाचांना वाचून दाखवलं : 'अल्लाहच्या जिक्राने जिवाला विसावा मिळतो आणि दिल निर्धास्त होतं.' मान डोलावली, पण 'जिक्राने' की 'जिक्रने' यावर अडलेत. प्रूफ उद्या सकाळी द्यायचंय, कुणी जागं आहे का?

कोशकिडा : जिक्राने. फिक्राने म्हणत नाही, फिकिरीने म्हणतो, हे मान्य. पण ती फिकीर स्त्रीलिंगी, जिक्र पुल्लिंगी. छापा.