'सिग्नल'ला मराठीत काय म्हणावं: संकेत, इशारा की इशारत?

जुनी पानं: पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या ब्रिटिश लष्कराच्या सिग्नलिंग-पुस्तिकांवर मराठीत लेख लिहितोय. 'सिग्नल' आणि 'कोड' या दोन्हींसाठी 'संकेत'च सुचतो आणि 'संकेताने संकेत पाठवला' अशी वाक्यं होतात. 'सिग्नल' तसाच ठेवला तर वाचकाच्या डोळ्यांपुढे चौकातला लाल दिवा येणार. 'इशारा' चालेल का? आणि या पुस्तिकांत अक्षरांसाठी 'ॲक', 'पिप', 'एम्मा' असं काही येतं, ते काय आहे?

कोशवेडा: 'इशारा' नको. हिंदीत तो नुसती खूण असतो, पण मराठीत इशारा देतं ते हवामान खातं, नाहीतर संपावर निघालेली संघटना. त्याच घरातला 'इशारत' मात्र अजून निर्मळ आहे. 'इशारतीची तोफ झाली', 'इशारत मिळताच मावळे चढले' ही भाषा ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्या कुणालाही परकी वाटणार नाही.

'संकेत' म्हणजे दोघांत आधी ठरलेली गोष्ट. वेबसाइटला चिकटण्याआधी 'संकेतस्थळ' ही प्रेमिकांची भेटायची ठरलेली जागा होती. काव्यसंकेत, सामाजिक संकेत, सगळीकडे ठरलेपण आहेच. म्हणून कोड तो संकेत आणि डोळ्याला दिसते किंवा कानाला ऐकू येते ती इशारत.

गडवाट: याला सिंहगडाचं उदाहरण चपखल बसतं. १६७० साली गड घेतल्यावर तिथे आग लावली आणि तो उजेड राजगडावरून पाहून महाराजांनी गड फत्ते झाल्याचं ओळखलं, असं बखर सांगते. आग ही इशारत. तिचा अर्थ राजगडावर कळला, तो संकेतामुळे.

तारवाला: कोशवेडांशी पूर्ण सहमत. त्या पुस्तिकांची मांडणीही नेमकी याच भेदावर उभी आहे. मोर्स, म्हणजे टिंब आणि रेघांनी अक्षरं मांडायची पद्धत, हा एकच संकेत, पण तो पोचवायच्या तऱ्हा अनेक. एकच निशाण थोडं हलवलं की टिंब, लांबवर नेलं की रेघ. मागे झाडी किंवा काळा कातळ असेल तर निळ्या पट्ट्याचं पांढरं निशाण आणि मागे आभाळ असेल तर गडद निळं. रात्री दिवा. खंदकात बझर. अक्षरं तीच, इशारती वेगळ्या.

यातलं माझं सगळ्यात आवडतं यंत्र हेलिओग्राफ, म्हणजे आरशाने ऊन चमकवून निरोप धाडायचं यंत्र. हेन्री मान्स हा इराणी आखाताच्या तारखात्यातला माणूस, त्याने ते कराचीत १८६९ च्या सुमारास तयार केलं. तिवईवर साधारण पाच इंची गोल आरसा आणि त्याच्या मधोमध पारा न लावलेला बारीक ठिपका. त्या ठिपक्यातून समोरचं ठाणं नेमात धरायचं. मागची कळ दाबली की आरसा किंचित कलतो आणि कवडसा बरोबर त्या ठाण्यावर पडतो, सोडली की बाजूला होतो. कमी वेळ दाबली तर टिंब, जास्त वेळ तर रेघ. सूर्य सरकत राहतो, म्हणून आरसाही सतत जुळवत राहावा लागतो. सूर्य पाठीमागे असला तर दुसरा आरसा जोडायचा. ना तार, ना बॅटरी, आणि मोकळ्या डोंगराळ मुलखात पन्नास किलोमीटरपलीकडे निरोप! शिवाय कवडसा दर किलोमीटरला जेमतेम नऊ मीटर रुंदावतो. म्हणजे दहा किलोमीटरवर नव्वदएक मीटरच्या पट्ट्याबाहेर उभ्या असलेल्या शत्रूला काही दिसायचंच नाही. दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८–८०) याचा भरपूर वापर झाला. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लेडीस्मिथ गावाला वेढा पडून तारा तुटल्या, तेव्हाही बाहेरच्या फौजेशी बोलणं चालू राहिलं ते याच आरशांवर.

आता 'ॲक-एम्मा'. ठाण्यावर एक जण दुर्बिणीला डोळा लावून अक्षरं वाचायचा आणि मोठ्याने सांगायचा, दुसरा ती लिहून घ्यायचा. वाऱ्यात 'बी', 'पी', 'टी', 'व्ही' सारखेच ऐकू येतात. म्हणून घोटाळ्याच्या अक्षरांना नावं दिली: ए म्हणजे ॲक, बी बिअर, एम एम्मा, पी पिप, एस एसेस, टी टॉक, व्ही व्हिक. त्यातूनच सकाळ (ए.एम.) झाली 'ॲक एम्मा', दुपार (पी.एम.) 'पिप एम्मा' आणि विमानविरोधी म्हणजे 'अँटी-एअरक्राफ्ट' (ए.ए.) तोफा 'ॲक-ॲक'. बेल्जियममधल्या पोपरिंगं गावी सैनिकांच्या विसाव्यासाठी डिसेंबर १९१५ मध्ये 'टॅलबट हाउस' उघडलं, त्याच्या टी.एच. या आद्याक्षरांचं झालं 'टॉक एच'. ही नावं लेखात तशीच ठेवा, भाषांतर करू नका. त्यांचा जीव उच्चारात आहे.

जुनी पानं: फार उपयोगी पडलं, मनापासून आभार. पण वायरलेस आला की 'इशारत' तोकडी पडते ना? 'बिनतारी इशारत' कुणी म्हणेल असं वाटत नाही.

तारवाला: तिथे 'संदेश'च. आपल्या पोलिसांत 'बिनतारी संदेश' विभाग आहेच, तो शब्द रुळलेला आहे. मजकूर तो संदेश, तो ज्या लिपीत बांधला तो संकेत, आणि प्रत्यक्ष लकाकी किंवा निशाणाची हालचाल ती इशारत. तिघांच्या जागा एकदा ठरवल्यात की वाक्यं आपोआप सुटतील. फेब्रुवारी १९११ मध्ये उभारणी झालेल्या भारतीय लष्कराच्या 'कोअर ऑफ सिग्नल्स'चं नाव मात्र विशेषनाम म्हणून राहू द्या, आणि तिथल्या माणसाला 'सिग्नलर'च म्हणा.

दर्यावर्दी: मी रत्नागिरीकडचा. तुम्ही सगळे 'निशाण' म्हणताय, पण आमच्याकडे याला जिवंत शब्द आहे: बावटा. वादळ येणार असलं की 'बंदरात तीन नंबरचा बावटा लागला' असं मच्छीमार म्हणतात, वर्तमानपत्रंही तसंच छापतात. खरं तर दिवसा खांबावर चढवतात ते शंकू आणि नळकांडी, कापड नसतंच. तरी शब्द बावटाच. म्हणजे किनाऱ्यावर तो झेंड्यापुरता न राहता खुद्द इशारतीचा झालाय.

कोशवेडा: वा! मग निशाणांच्या प्रकरणात 'बावटा' बेलाशक वापरा. 'निशाण' फौजेच्या मानाचं, जरीपटक्यासारखं वाटतं. हातात धरून हलवायच्या कापडाला बावटाच शोभतो. आरसा आणि दिवा यांच्यासाठी 'इशारत' ठेवा.